पणज्याची गोण

पुरवठा इन्स्पेक्टरने गोवऱ्यांच्या ढिगात काठी खुपसली आणि जमनीने डोळे मिटून घेतले. काठीला काही लागलं नाही.

"हरिसिंग, बऱ्या बोलाने सांग. साखर कुठे आहे?"

"साखर?" जमनीचा बाप अंगणात हात जोडून उभा होता. "आमच्या तांड्यात चहा बी गुळाचा असते, साहेब."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आवाज चिरकत होता. सरकारने साखरेवर कंट्रोल बसवल्यापासून कार्डावर मिळेल तेवढीच साखर घरात ठेवायची, जास्त सापडली की हातकड्या. आणि हरिसिंगने घरात अर्धी गोण साखर आणून ठेवली होती, दिग्रसच्या एका व्यापाऱ्याकडून काळ्या बाजारात उचललेली. उद्या जमनीची सगाई होती. आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर गोड पडलं, म्हणजे सोयरीक पक्की. एक जरी माणूस कोऱ्या हाताने उठला, तर बोलणी मोडली असं तांडा धरायचा. पूर्वी गूळ चालत असे. पण डोंगरसिंगच्या माणसांनी बजावलं होतं, गूळ आम्ही बैलांना चारतो, आमच्या पाहुण्यांना साखरच लागेल.

डोंगरसिंग म्हणजे नवरा मुलगा. मुलगा कसला, चाळिशी ओलांडलेला बाप्या. त्याची पहिली बायको विहिरीत सापडली होती. तिला वर काढणाऱ्या बायकांनी तिच्या पाठीवरचे वळ पाहिले होते आणि सगळ्या गप्प बसल्या होत्या. जमनीने एकदाच विचारलं होतं, "बापू, ते बाई काहून मेली?" हरिसिंग बैलांना पाणी दाखवायला उठून गेला होता. त्याने पंचांत शब्द दिला होता, आणि त्या शब्दापुढे त्याला पोरगी दिसत नव्हती.

इन्स्पेक्टर गोठ्याकडे वळला. दोन्ही बैल रिकामी डोणी चाटत होते, सारखे चाटत होते.

"पाणी तरी दाखवत जा रे जनावरांना," तो करवादला आणि शिपायाला घेऊन घरात शिरला.

जमनीची आई रुपीबाई चुलीपाशी बसली होती. ती उठली नाही. शिपायाने मडकी उपडी केली. तुरीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. परवाच्या बाजारातून रुपीबाईने लोणच्यासाठी म्हणून मिठाचं पोतं आणलं होतं, तेही त्याने झटकून पाहिलं. रिकामं होतं.

जमनी दाराची चौकट धरून उभी होती. हरिसिंगने तिला डोळ्यांनीच दटावलं. ही पोरगी आता घाबरून कोपऱ्याकडे बघणार आणि सगळं बाहेर पडणार, अशी त्याला भीती होती.

कोपऱ्यात पणज्याची गोण होती. बैलांच्या पाठीवर लादून त्याने मुलुखभर मीठ वाहिलं, ती ही जाड विणीची गोण. दिवाळीला तिची पूजा होई, एरवी तिला कोणी हात लावत नसे. हरिसिंगने साखर तिच्यातच लपवली होती.

"काही नाही साहेब," शिपाई म्हणाला.

इन्स्पेक्टर उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. "त्या कोपऱ्यात काय आहे?"

"देव हाये जी तो आमचा," हरिसिंग चटकन म्हणाला. नको इतकं चटकन.

"उघड रे ती गोण," इन्स्पेक्टर शिपायाला म्हणाला. मग हरिसिंगकडे वळला. "साखर निघाली तर सरळ जेलात जाशील."

"जेलात?" जमनी किंचाळली. धावत येऊन तिने बापाच्या कमरेला मिठी मारली. "बापूले कायले नेता जी? साखर घेऊन जा! बापूले नका नेऊ!"

झालं. हरिसिंगने डोळे मिटले.

शिपायाने गोणीची सुतळी कापली. आत पांढरं दिसलं. इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याने चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकला.

"मीठ!"

"मिठाच्या गोणीत मीठच राह्यते, साहेब," रुपीबाई चुलीपासूनच म्हणाली.

"मग ही पोरगी साखर साखर काय करते?"

"तुमीच मघापासून साखर साखर करून राह्यले. लेकरू हाये, घाबरलं."

इन्स्पेक्टरने तोंड पुसलं, एक शिवी हासडली आणि शिपायाला घेऊन निघून गेला. त्यांची जीप नाल्यापलीकडे गेली तरी हरिसिंग जागचा हलला नाही. मग त्याने गोणीत हात घालून चाखून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मीठच.

"साखर कुठं गेली?"

"बैलाईनं पेली. डोणीत कालवून देल्ली मी."

हरिसिंग मटकन खाली बसला. जेल टळला होता, पण त्याचं त्याला काही वाटेना. "उद्या पाहुण्याईच्या हातावर काय ठेवू मी? सोयरीक मोडते ना!"

"मोडू द्या," रुपीबाई म्हणाली.

तिने नवऱ्यासमोर असा आवाज कधी काढला नव्हता. हरिसिंगने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्याला बिलगून बसलेल्या पोरीकडे पाहिलं. तिचे हात हळूच सोडवून तो बाहेर बैलांपाशी जाऊन बसला.

रुपीबाईने जमनीला चुलीपाशी ओढलं. ओढणीच्या टोकाने तिचं तोंड पुसलं.

"याडी," जमनी हुंदके देत म्हणाली, "मले वाटलं, निस्ती साखर नेतीन अन् सोयरीक मोडन. बापूले नेतीन हे मले माहीत नव्हतं."

"बाजारात तू तोंडावर ओढणी घेऊन त्या साहेबापाशी गेलती, तवा मी मीठवाल्यापाशीच उभी होती." तिने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. "पुढच्या खेपेले जीव घाबरला तं मले सांगजो, छोरी. सरकारले कायले सांगतं?"