साडेसहाचा व्हिडिओ

"ह्यात तर काईच न्हाई," छबूबाई म्हणाली. संगमनेरच्या त्या मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या पडद्यावर नुसती आकड्या-अक्षरांची खिचडी धावत होती.

"आहे मावशी. आतली चिप काढून वाचली, सगळं आलंय. फक्त कालवलेलं आहे," देवश्री म्हणाली. भिजलेल्या मोबाईलपासून जळालेल्या हार्ड डिस्कपर्यंत काय काय तिच्या टेबलावर येई. पण पंचामृतात न्हालेला पेन ड्राइव्ह पहिल्यांदाच आला होता.

ती करामत छबूबाईचीच. संध्याकाळी साडेसहाला पाटाच्या पाण्यावरून हाणामारी झाली, एकाचं डोकं फुटलं आणि तिचा मुलगा गोरक्ष कोठडीत गेला. साडेसहाला मी डेअरीत दूध घालत होतो, एवढंच त्याचं म्हणणं. डेअरीच्या काकासाहेबांनी कॅमेऱ्यातली ती अख्खी संध्याकाळ, न बघताच, पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. "जपा. आमच्याकडचं आता पुसलं जानार," म्हणाले. जपायचं म्हणून बाईनं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि एकादशीला देवांबरोबर ताम्हणात घातला. फुलांखाली दिसलाच नाही. उद्या कोर्टात तारीख. पोराची एकुलती एक साक्ष आपल्याच हातानं बुडवली, या धास्तीनं तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं.

"कालवलं कुनी?"

"पेन ड्राइव्हनंच. तो काहीच जसंच्या तसं ठेवत नाही. प्रत्येक गोष्टीत स्वतःचा एक नमुना मिसळतो. तो कळला की काढून टाकायचा."

"आन् कळायचा कसा?"

"रिकाम्या जागेवरून. जिथं काही ठेवलेलंच नाही, तिथं नुसता नमुनाच उरतो."

रिकाम्या जागेत काय सापडणार, हे छबूबाईला काही उमजेना. आठवतील त्या सगळ्या देवांना नवस बोलून झाले होते. ती पदराचं टोक पिळत बसली. देवश्री पानंच्या पानं खाली सारत होती. एकाएकी थांबली. एक ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच.

"सापडला!"

तिनं तो नमुना उचलून सगळ्यातून वजा केला आणि खिचडी झरझर निवळली. एक फाइल उभी राहिली. डेअरीचं फाटक, वर तारीख, वेळ.

"झालं मावशी! सगळी संध्याकाळ आहे. साडेसहाचं लावू?"

छबूबाईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तिला दरदरून घाम फुटला. त्या संध्याकाळी गोरक्षनं घरात पाऊल टाकताच अंगातला शर्ट स्वतः धुवायला घेतला होता. तीस वर्षांच्या त्या घोड्यानं आजवर रुमालसुद्धा धुतला नव्हता. तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं.

तिनं देवश्रीचा माउसवरचा हात घट्ट धरला.

"पोरी, आदी तू एकटी बघ," ती म्हणाली. "आन् त्यो त्यात दिसला न्हाई, तर... हे पुन्ना हुतं तसं कालवता येतं का?"