पुसलेले सिनेमे

"आई, मी पहिल्यांदा हसले ती नेहमीची गोष्ट सांग ना," रेवा भात चिवडत म्हणाली.

पूर्वाला काहीच आठवेना. गेल्याच आठवड्यात तिने रेवाच्या जन्मवर्षातले आपले सगळे लाडके सिनेमे दवाखान्यात जाऊन डोक्यातून पुसून घेतले होते, ते पुन्हा नव्याने पाहता यावेत म्हणून. पाहिले होते ते रेवाला मांडीवर घेऊनच. "सिनेमाबरोबर आजूबाजूचंही थोडं जाईल हं," दवाखान्यात सांगितलं होतं. "जाऊ दे की," ती घाईत म्हणाली होती.

"तू ना... खुदकन हसलीस," पूर्वा चाचरली.

"अगं, आधी सिनेमातली म्हातारी मरते, तू रडतेस, तुझ्या डोळ्यांतलं पाणी माझ्या नाकावर पडतं! किती विसरतेस गं!" रेवा तिच्या मांडीत येऊन बसली. "मीच सांगते. तू नुसता हुंकार दे."

पूर्वाने मान खाली घालून हुंकार दिला.