तिच्या गावचं हवामान

लाँड्रीतल्या कॉम्प्युटरवर लेकीने रेडिओचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि थोरल्या बहिणीला काम सुचेना. डावीकडे देश, देशाखाली गावं, गावाखाली स्टेशनं. क्लिक केलं की वाजलं! एकावर दिवसभर नुसते पक्षी. एकावर चक्क बुद्धिबळाचा सामना.

"अगं, रेडिओवर बुद्धिबळ कोण ऐकतं?"

"सध्या तूच," लेक म्हणाली.

मग थोरलीने शोधायच्या चौकटीत धाकट्या बहिणीच्या गावाचं नाव टाकलं. सहज हं, अगदी सहज! सख्ख्या बहिणी, दोघींचा धंदा कपडे धुण्याचाच, आणि तीन वर्षं एकमेकींशी अवाक्षर नाही. फोन आधी कोणी करायचा, एवढ्यावर घोडं अडलेलं.

तीन स्टेशनं निघाली. पहिलं मुकंच. दुसऱ्यावर गाणी. तिसऱ्यावर एक बाई गावच्या बातम्या सांगत होती. बाजाराजवळचा पूल दुरुस्तीसाठी बंद. एक मांजर हरवलंय, पांढरं, एक कान काळा. थोरली स्टूल ओढून बसली. धाकटी त्याच पुलावरून जात असेल का? स्कूटर चालवते का अजून? गुडघा कसा आहे तिचा? बाई गं, किती आठवण येत होती तिची!

"आणि तासाभरात गावात जोरदार पाऊस," रेडिओवरची बाई म्हणाली.

थोरली ताडकन उठली. विचार करायला वेळ होता कुठे? नंबर तोंडपाठ होता.

"हॅलो?" तिकडून धाकटीचा आवाज आला.

"गच्चीवरचे कपडे आत घे! पाऊस येतोय तुझ्याकडे!"

"ताई?"

"ताई काय ताई! चादरी आधी काढ."

"आई," लेकीने हळूच स्क्रीनवर बोट ठेवलं, "हे कालचं रेकॉर्डिंग आहे. तारीख बघ ना."

थोरलीने तारीख पाहिली. कान लालेलाल झाले.

"ताई, इथे तर कडक ऊन पडलंय," धाकटी म्हणाली.

"हो का? बरं. मग... ठेवते."

"ठेवू नकोस गं!" धाकटी जवळजवळ ओरडलीच. मग जिन्यावर पावलं वाजली, धाप ऐकू आली. "थांब, गच्चीवर जाऊन बघते. असेल कुठेतरी एखादा ढग."