दगडांचे बाण

"सर, क्लासची टेस्ट झाली का आमी येतोच, तुमी खुणा मांडून ठेवा," असं दहावीतला नितेश म्हणाला, म्हणून स्काउटचे खुशालराव सर शिबिराला एकटेच पुढे गेले. पोहऱ्याच्या जंगलात फाट्यापासून तळ्यापर्यंत त्यांनी वाट दाखवायला दगडांचे बाण मांडले, मग पोरांसाठी गोवऱ्यांवर रोडगे भाजत बसले. ऊन कललं, रोडगे निवून कडक झाले, तरी कुणी फिरकलं नाही.

"वर्षभर डोकं फोडलं, पण पोट्ट्यायले एक खूण समजली नाही," असं पुटपुटत ते परत निघाले.



फाट्यावर त्यांच्या पहिल्याच बाणाशेजारी बारीक दगडांचं वर्तुळ होतं आणि मधोमध एक खडा. सरांनीच शिकवलेली खूण, अगदी बिनचूक: आम्ही घरी गेलो.