नाकावरचा ओरखडा

"जहाज कधी सुटतं, कधी येतं, हे सख्ख्या आईलाही सांगायचं नाही," असं संग्रामने निघताना दोनदा बजावलं होतं. अनुषाने ते हसण्यावारी नेलं. "मला कोण विचारायला येतंय? बेंगळुरूच्या मारतहळ्ळीला समुद्र तरी आहे का?"

आता फोन तिच्या हातात होता आणि त्यावर ऋचाचा प्रश्न होता. पाच महिन्यांत चौथ्यांदा. "शिप कधी लागतंय गं? संग्राम काही बोलला का?"

तिचा नवरा संग्राम नौदलाच्या, क्षेपणास्त्रं डागणाऱ्या विनाशिकेवर होता. शेकडो किलोमीटरवरचं विमान त्या जहाजाला दिसायचं, पण कामगिरीवर निघालं की जहाज स्वतः मुकं व्हायचं. सगळ्यांचे फोन काढून घ्यायचे. आपण बोललो की आपण कुठे आहोत ते कळतं, असं तो सांगायचा. मग आठवडेच्या आठवडे घरात आवाज फक्त बाळाचा, प्रणीतचा.

अशाच एका मुक्या आठवड्यात ऋचाचा पहिला मेसेज आला होता. आपल्या दोघींचे नवरे एकाच जहाजावर, मी एचएसआर लेआउटमध्ये राहते, मलाही लहान लेक आहे. प्रणीत तेव्हा चार महिन्यांचा, तिची मनू सहा महिन्यांची. बाळाचं पोट धरलंय, ओव्याने शेकू का? पालथा पडला, आता पलंगावर एकटा ठेवू का? काहीही विचारा, ऋचाचं उत्तर लगेच हजर. अनुषाला इतका आधार वाटला की, माझा नंबर तुला कुणी दिला, हे विचारायचं राहूनच गेलं.

आज मात्र एकेक गोष्ट आठवायला लागली. इंदिरानगरला कॉफीला बोलावलं, तर मनूला ताप. व्हिडिओ कॉल लावला, तर म्हणे नेट नाही. बेंगळुरूत नेट नाही! आणि परवा तिने मागितलं होतं, "प्रणीतचं रडणं रेकॉर्ड करून पाठवशील?" अनुषाने बावळटासारखं पाठवलंही होतं. रडणं कशाला हवं असतं कुणाला?

तिने मनूचे सगळे फोटो शोधून काढले. अनुषाच्या शेजारी प्रणीत कपाटाला धरून उभा होता, नऊ महिन्यांचा, चार दात मिरवत. मनू म्हणजे अकरा महिन्यांची झाली असणार. पण परवाच्या फोटोतही ती उताणीच होती, बोळकं पसरून हसत होती. अनुषाने फोटो मोठा केला. नाकाच्या शेंड्यावर बारीक लाल ओरखडा. दिवाळीनंतरच्या फोटोत तो होता. कपडे वेगळे, पण संक्रांतीच्या फोटोतही होता. बाळाने स्वतःच्याच नखाने काढलेला ओरखडा दोन दिवसांत दिसेनासा होतो. हे आईला कळतं. फोटो चोरणाऱ्याला कुठून कळणार?

तिने आपलेच जुने मेसेज उघडले. 'पाडव्याला बहुतेक घरी असेल,' असं आपणच मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. जहाजावर तीनशे माणसं होती. त्यांत संग्राम होता.

तिने लिहिलं, "ही मुलगी तुझी नाही. कुणाची उचललीस?"

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. मग उत्तर आलं, "आता नाही माझी."

म्हणजे कबुलीच दिली! अनुषाने नंबर ब्लॉक केला आणि भाग्यलक्ष्मीअक्काला फोन लावला. अक्काचा नवरा त्याच जहाजावरचा जुना माणूस. बेंगळुरूत राहणाऱ्या जहाजावरच्या कुटुंबांची विचारपूस अक्काच करायची.

"अक्का, माझ्या हातून चूक झाली. एक बाई जहाजाची तारीख काढून घेतेय. दुसऱ्याच्या बाळाचे फोटो दाखवते. ऋचा म्हणून नाव सांगते."

पलीकडे अक्काने टीव्ही बंद केला.

"अक्का?"

"तुझा नंबर मीच दिला तिला," अक्का म्हणाली. "तिची मनू गेली गं. सहा महिन्यांची होती. दोन दिवसांच्या तापात गेली. नवऱ्याला जहाजावरून उतरवून आणलं. दहा दिवस राहिला आणि परत गेला. तेव्हापासनं त्याचा एक फोन नाही तिला. जहाज गप्प बसतं ते समजतं आपल्याला. हा बंदराला लागला तरी गप्प. म्हणून ती बिचारी आम्हाला विचारत बसते, कधी येतं म्हणून. मीच तुला स्वल्प सांगायला हवं होतं. पण तू नवी बाळंतीण. म्हटलं, घाबरशील."

"मी तिला काय लिहिलंय ते तुला माहीत नाही, अक्का."

अनुषाने ब्लॉक काढला. फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पाचव्यांदा तो बंद लागला. मग अक्काकडून पत्ता घेऊन, प्रणीतला कडेवर घेऊन, पायात येईल ती चप्पल घालून ती रिक्षात बसली.

"अण्णा, स्वल्प लवकर!"

"सरी मॅडम, पण जाऊ कुठून?"

रिंगरोडवर पुढे एक लॉरी आडवी थांबली आहे. अर्धा तास झाला, रिक्षा जागची हललेली नाही. ऋचाचा फोन अजून बंद आहे. प्रणीत रडतोय आणि अनुषा त्याला गप्प करत नाही.

तुमच्यापैकी कुणी एचएसआरच्या बाजूला असेल, तर अनुषाचं एवढं काम करा. बागेसमोरची चिंचोळी इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. बेल वाजवा. बाळ आत्ताच झोपलंय, असं ऋचा सांगेल.

तरीही आत जा.