माजोरी सून

अनुपमानं टॉवेल उलगडला आणि नवनाथचं डोकं पुसायला घेतलं.

"आधी डोकं कोरडं करा, गारठा हाय," ती हळूच म्हणाली.

नवनाथ चटका बसल्यासारखा मागं सरला. तो तिचा थोरला चुलत दीर होता. त्याच्यासमोर ती एरवी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. तिचा नवरा रविराज चार हातांवर ओल्या धोतरात कुडकुडत उभा होता.

इनामगावात घोड नदीच्या घाटावर तिच्या सासऱ्यांचा, बापूसाहेबांचा दहावा चालला होता. भावकीतल्या पुरुषांनी डोकी आणि मिशा उतरवून नुकतीच अंघोळ केली होती. माईकवर पुढारी श्रद्धांजली वाहत होते. त्यातल्या निम्म्यांचं बापूसाहेबांशी जन्मात पटलं नव्हतं, पण आज सगळेच त्यांचे जिवलग होते. बायकांचं लक्ष मात्र भाषणांवरून केव्हाच उडालं होतं.

"अगं बया! नवरा सोडून दिराचं डोकं पुसाया लागली की!" नवनाथची आई बानूबाई मोठ्यानं म्हणाली.

अनुपमाच्या सासूबाईंना, साखरबाईंना, मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा दिवसांपूर्वी नवरा गेला, आणि आता सुनेनं चारचौघांत ही शोभा केली. सून दौंडची, शिकलेली. दोन वर्षं झाली लग्नाला, पण रस्त्यात कुणाला ओळख दाखवेल तर शपथ. बाजारात सख्खी नणंद समोरून आली तरी सरळ पुढं निघून जायची. गावानं तिला माजोरी ठरवलं होतं, आणि साखरबाईंनी गावाच्याही आधी.

"रविराज, तेरावं झालं की हिला दौंडला सोडून ये," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "परत आणायची न्हाई."

रविराज जवळ आला. "आई, तिला चेहरे ध्यानात राहत न्हाईत. लहानपणापासनंच. डॉक्टरनं सांगितलंय. आवाजावरनं, कपड्यांवरनं, माझ्या मिशीवरनं ओळखती ती. आज आम्ही समदे सारखेच दिसतोय."

"आन् हे आज सांगतोस व्हय?"

"तिनंच सांगू दिलं न्हाई. येडी म्हणण्यापरीस माजोरी म्हणू द्या, म्हणायची."

"डोळे चांगले ठणठणीत हायत तिचे. माझ्या सुईत दोरा तीच ववती. असला कुठं आजार असतो व्हय?"

अनुपमा मान खाली घालून उभी होती. त्याचाही साखरबाईंना राग आला. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, ही घरातून जाईपर्यंत हिच्याशी बोलायचं म्हणून नाही.

थोड्या वेळानं कावळा शिवला आणि दुखवट्याचे आहेर सुरू झाले. साखरबाईंच्या भावानं बहिणीच्या अंगावर माहेरची पांढरी साडी घातली. बायकांनी आडोसा धरला, त्यांनी ती नेसली आणि बानूबाईशेजारी पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या विधवा बायकांच्या रांगेत जाऊन बसल्या. येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून रडत होती आणि जमिनीकडं बघत निघून जात होती. कपाळावरचं कुंकू पुसल्यापासून कुणी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलंच नव्हतं. ते त्यांना खुपत होतं, पण सांगणार कुणाला?

तेवढ्यात अनुपमा चहाचा कप घेऊन आली. रांगेतल्या पहिल्या बाईसमोर थांबली, पुढं सरकली, पुन्हा थांबली. मग साखरबाईंसमोर येऊन वाकली. इतक्या जवळून, इतका वेळ तिनं त्यांचा चेहरा न्याहाळला की साखरबाईच अवघडल्या. तिच्या नजरेत माज कुठंच नव्हता. भेदरलेलं पोर गर्दीत आपलं माणूस शोधतं, तशी ती नजर होती. साखरबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"मावशी," अनुपमा अगदी हळू आवाजात म्हणाली, "आमच्या सासूबाई दिसल्या का हो कुठं? सकाळपासनं पोटात काई न्हाई त्यांच्या. माझ्यावर रागावल्यात, मागून घ्यायच्या न्हाईत."

बानूबाई फिसकन हसणार, तोच साखरबाईंनी तिचा हात करकचून दाबला. आपण अबोला धरला, आणि या पोरीच्या लेखी आपण नाहीशाच झालो.

"मीच हाय गं," त्या म्हणाल्या.

अनुपमानं कप घाईनं पुढं केला, तसा चहा बशीत सांडला. साखरबाईंनी कप काढून घेतला आणि तिला मनगटाला धरून शेजारी बसवलं.

"दौंडला न्हाई जायचं कुठं. बस माझ्यापाशी. समोरून येईल त्याचं नाव मी सांगत जाईन."