कपाटावरचा कॅमेरा

रिजवाननं कॅमेऱ्याचं खोकं उघडलंच नाही. तसंच उचलून कपाटावर सारलं. "मावशी, हे आपल्या कामाचं नाही," तो म्हणाला. रंगुबाईनं मान हलवली.

तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या त्या घरात नवा कॉम्प्युटर आला होता. रंगुबाईचा मुलगा भारत कंपनीकडून दोन वर्षांसाठी कोरियाला गेला होता. त्यानंच तो घ्यायला लावला होता. जोडून द्यायला शिरूरहून रिजवान आला होता. हात हुशार, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. भारतनं त्याला कोरियाहून फोन केला, तेव्हाही जास्त बोलला तो हाच. "कॅमेऱ्यावालं सॉफ्टवेअर आधी टाका, आईला..." एवढंच भारतच्या वाट्याला आलं. "कळलं, कळलं. आईला तुमच्याशी बोलायचंय. माझ्यावर सोडा," म्हणून रिजवाननं फोन ठेवूनही दिला.

रंगुबाईच्या नवऱ्याचं, मारुतरावांचंही तेच झालं. "समदं हिलाच दाखवा, वापरायची हीच हाय," असं म्हणून ते पुढं काही सांगणार होते. "तुम्ही निवांत जा, मामा," रिजवान म्हणाला. मामा अंगणात टेम्पोत शेवंतीचे क्रेट भरायला गेले.

फुकटच्या सॉफ्टवेअरबद्दल रिजवानची मतं पक्की होती. मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीड्यांचं जाडजूड पाकीट त्याच्याजवळ होतं. फुकट दिसलं की लोक सगळंच भरतात आणि महिन्याभरात मशीन आडवं होतं, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. म्हणून त्यानं निवडून चारच टाकली. एक व्हायरस अडवायला, एक गाणी आणि पिक्चर बघायला, एक मराठी टाइप करायला. चौथं परदेशात बोलण्यासाठी, नुसत्या आवाजाचं आणि हलकं. कॅमेऱ्यावालं जड होतं. गावच्या लाइनीवर ते रांगत चाललं असतं. त्याची सीडी त्यानं पाकिटात परत घातली आणि स्वतःच्या निवडीवर तो खूश झाला.

मग त्यानं रंगुबाईला शिकवायला घेतलं. ती डोक्यावर पदर घेऊन समोर बसली होती. एक शब्द बोलत नव्हती. रिजवानला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याची आई मदिनाही परक्या पुरुषासमोर अशीच गप्प बसायची. तो बोलत राहिला. हे कशाला, ते कशाला, इथं दाबा, तिथं दाबू नका. ती टक लावून त्याच्या तोंडाकडं बघायची, मान हलवायची आणि भलतंच बटण दाबायची.

चौथ्या वेळेला त्याचा धीर सुटला. "भिंतीला शिकवलं असतं ना मावशी, तर एव्हाना तिलाही आलं असतं!" तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. रंगुबाईही हसली.

तासाभरानं कॉम्प्युटरवरून कोरियाला फोन लागला. रिजवाननं हेडफोन पुढं केला आणि कानाला लावायची खूण केली. तिनं तो पदरावरूनच चढवला. आतून भारतचं बारीक "हॅलो, हॅलो" बाहेरपर्यंत येत होतं. रंगुबाई स्क्रीनकडं बघत होती. स्क्रीनवर काहीच नव्हतं. ती रिजवानकडं बघून हसली, पुन्हा स्क्रीनकडं बघायला लागली.

"बोला ना मावशी, लाजता काय! पोरगा वाट बघतोय."

मारुतराव पाणी प्यायला आत आले आणि दारातच थांबले. "तिच्या कानाला ह्ये काय लावलंय?"

"भारत बोलतोय, मामा. आवाज बघा कसा खणखणीत आलाय."

"तिला ऐकाय येत न्हाई, रिजवानभाई. जल्मापासनं. भारतनं सांगितलं न्हाई व्हय तुमास्नी?" मारुतरावांचा आवाज जराही चढला नव्हता. "नुसतं बोलायला घरात फोन हायेच की. तिला त्याचं हात दिसावं म्हून ह्यो समदा खटाटोप. अकरा म्हैनं झालं, मायलेकरांचं बोलणं न्हाई."

रिजवानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भारतला आणि मामांना, आपण दोघांनाही बोलू दिलं नव्हतं. जिला ऐकू येत नाही तिला आपण भिंत म्हणालो होतो, तेही तोंडावर, हसून. ती पण हसली होती, हे आठवून तर त्याला रडूच यायला लागलं. त्यानं कपाटावरचं खोकं काढलं. पाकिटातून ती सीडी काढली. ती मशीनमध्ये सरकवली. पहिल्यांदाच तो एक अक्षर न बोलता काम करत होता.

स्क्रीनवर चौकोन उजळला. आधी नुसता पांढरा शर्ट, मग भारतचा चेहरा. अडखळत हलणारा, पण चेहरा. रंगुबाईनं तोंडावर हात दाबला. मग तिचे दोन्ही हात सुटले. बोटं, तळवे, मनगटं, सगळं एकदम चालायला लागलं. पलीकडून भारतचेही हात चालले. खोलीत पंख्याशिवाय कसला आवाज नव्हता. रिजवान कोपऱ्यात उभा राहिला. तिथून निघून जावं असं त्याला वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

एकाएकी रंगुबाईनं त्याच्याकडं बोट केलं. मग कितीतरी वेळ ती हातांनी काही सांगत राहिली. भारत मान डोलवत बघत होता. आता आपल्या वागण्याचा पाढा वाचला जातोय, हे रिजवाननं ओळखलं. आपण त्याच लायकीचे आहोत, असं त्याला वाटलं.

"माझी तक्रार करतायत ना?" त्यानं मारुतरावांना विचारलं. "करू द्या, मामा. खरंच चुकलं माझं."

मारुतराव बायकोच्या हातांकडं बघत होते. त्यांनी सांगितलं ते जमिनीकडं बघून.

"तक्रार न्हाई. ती म्हनतीया, ह्यो पोरगा तासभर माझ्याकडं बघून बोलला. तू गेल्यापासनं येवढं माझ्याशी कुणीच बोललं न्हाई."